राखणदाराचा रोट

जरा डोळे मीट बघू, आणि समज की तू दहा वर्षांची एक मुलगी आहेस. ही दहा वर्षं तू जगलेली नाहीस. कुणीतरी ती तुला नव्या झग्यासारखी घालायला दिली आहेत. हाताला पाच बोटं असतात हे तू शिकलीस. तहान कशाला म्हणतात हे शिकलीस. आपलं नाव पूनम, आईबाप बेळगावाकडचे, बांधकामाच्या कामावर आले आणि पुढच्या गावी गेले, हेही पाठ केलंस. तुला इथे पाठवणारे वर आहेत. डिचोलीच्या बंद पडलेल्या खाणीवर, आभाळात, मळक्या ढगासारखे पसरून बसलेत. फक्त हा ढग वाऱ्याने हलत नाही. घाबरू नकोस. या गोष्टीत कुणी मरत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आता डोळे उघड, म्हणजे आपण दोघं तिच्या डोळ्यांनी बघू.

सकाळ होती. डिचोलीच्या बाजारात एका कापडदुकानाच्या वर गोकुळदास मास्तरांचं बिऱ्हाड होतं, आणि त्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात, उंबऱ्यावर बसून पूनम चहात बुडवून पोई, म्हणजे इथला कोंड्याचा पाव, खात होती. खालून पाववाला पोदेर भोंगा वाजवत सायकलवरून पुढे गेला. मास्तर सदऱ्याची बटणं लावत आत आले आणि बायकोला म्हणाले, "सांजेक पार्से गांवांत वचपाचें आसा. राखणदाराचो रोट जालो काय गो?"

"तव्यार आसा," भाग्यलक्ष्मीकाकी म्हणाल्या. "तुमी विडी तेवडी हाडा. फाटल्या खेपेक विसरल्यात आनी मागीर रातभर तुमकांच न्हीद ना."

पूनमची पोई चहातच राहिली. भूक, तहान, खाज, सगळं शिकून झालं होतं, पण छातीत एकदम पायरी चुकल्यासारखं व्हावं, हे तिला नवीन होतं. राखणदार? कोण राखणदार? या घरातला एकूण एक माणूस तिने वर कळवला होता. हा कुठून आला?

ती गुप्तहेर होती, आणि कामात कुचराई करणारी नव्हती. मास्तरांबद्दल तिने सगळं कळवलं होतं. पूर्वी खनिजाचे ट्रक डिचोलीतून दिवसभर धडधडत जायचे तेव्हा शाळा सुटली की मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून पोरांना पलीकडे सोडायचे. एकदा ब्रेक गेलेला भरलेला ट्रक उतारावरून आला, मास्तरांनी सवयीने हात वर केला आणि ट्रक जागच्या जागी थांबला. तेव्हापासून त्यांनी तळवा दाखवला की येणारं काहीही थांबतं. काकींनी हाक मारली की विहिरीचं पाणी पायऱ्या चढून वर येतं. प्रज्योत हा त्यांचा भाचा, साखळी-पणजी बसवर कंडक्टर. तो उडतो, पण उंचीची भीती असल्यामुळे माडाच्या शेंड्याच्या वर जात नाही, आणि लढाई चालू असतानासुद्धा "फाटीं सरा, फाटीं सरा" असं बसमधल्यासारखं ओरडतो. वरच्यांनी ढगातून मुळांसारखे लांब पाय चाचपायला खाली सोडले की ही तिघं ते परतवून लावत. तेवढ्याने भागेना, म्हणून उन्हाळ्यात नवी भरती झाली. साखळीची सिद्धी आली, जी धावली की दिसतच नाही. कोल्हापूरकडचा मंगेश आला, जो दगडाला कान लावून दोन गावांपलीकडचं ऐकतो. आणि पूनम आली. हिचं कौशल्य म्हणजे डोळे मिटून उभी राहिली की आता पाय नेमका कुठे उतरणार ते बोट दाखवून सांगायची. आपलीच माणसं, तिला कळणारच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. काकींनी त्याच दिवशी बांगड्याचं हुमण, म्हणजे खोबऱ्याचं आंबट-तिखट कालवण, वाढलं होतं, आणि पूनमला पानात काही टाकायचं नसतं असं शिकवलेलं असल्याने तिने एकूण एक गोष्ट चावून गिळली होती.

वरच्यांचा एकच नियम होता. जे पुरतं कळलं, तेच घ्यायचं. अर्धवट कळलेल्या जागेत उतरायचं नाही. म्हणून तर आधी एक पोर खाली सोडायचं, त्याने सगळं बघायचं, आणि दिवस मावळताना क्षणभर स्वस्थ उभं राहायचं. ओल्या कपड्यातून वाफ जावी तसा त्याचा अख्खा दिवस आपोआप वर जाई. त्यात शब्द नसत. खोटं सांगायला तिथे जागाच नव्हती. जे पाहिलं, जे वाटलं, ते सगळं जसंच्या तसं जायचं. काल वरून प्रश्न आला होता: सगळं बघून संपलं का? आज मावळतीला तिच्यातून 'संपलं' हे वर जायचं, आणि मग ते उतरणार होते. घेतलेली जागा कशी होते हे तिला ठाऊक होतं. मागे एकदा तिने दुसऱ्याच कुठल्या तरी जागी दुसरंच अंग घातलं होतं. तिथले लोक लांब हातांचे होते आणि संध्याकाळी ओळीने बसून एकमेकांचे केस विंचरायचे. ती जागा तिने पुरती जाणून घेतली आणि पुरती वर कळवली. नंतर ते लोक तसेच ओळीने बसलेले असायचे, हात मांडीवर. विंचरायचं असतं हे त्यांना आठवत नसे. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं, कारण वाटण्यासाठी हे असं आतून धडधडणारं अंग तिच्याकडे नव्हतं. आता उंबऱ्यावर बसल्या बसल्या तिला आपल्या वेणीत काकींनी सकाळी घातलेला पीळ जाणवला. टाळू ओढल्यासारखी दुखत होती. काकी फार घट्ट घालत.

"काकी, राखणदार कोण?" तिने विचारलं.

"आमच्या पार्सेच्या शिमेर आसता तो. गांवाची राखण करता. रातचो काठी घेवन भोंवता."

"तो दिसतो?"

"दिसूंक कित्याक जाय? आसा तें पुरो." काकींनी तव्यावरचा जाड रोट उलटला. "आमी खंयचेंय मोठें काम करचे पयलीं ताका सांगतात. ना सांगल्यार राग येता ताका. तुजो मास्तर कोणाचेंच आयकना. पूण ताचें आयकता."

म्हणजे ज्याचं खुद्द मास्तर ऐकतात, तोच वर कळवायचा राहिला होता. पूनमने ते मनात नोंदवलं. आणि सगळ्यात नवल म्हणजे तिला बरं वाटलं. कुणीतरी पाठीवर दिलेलं ओझं क्षणभर कट्ट्यावर टेकवावं तसं वाटलं. संपलेलं नव्हतं तर.

दुपारी सगळे प्रज्योतने मित्राकडून मागून आणलेल्या गाडीतून पार्सेला निघाले. डिचोली मागे पडली. खाणीवरचा तो ढग काचेतून बराच वेळ दिसत राहिला, आणि त्याच्या सावलीत बाजार मात्र नेहमीसारखा भरलेला होता. भाजीवाल्या बायकांनी सुरुवातीला डोकं वर करकरून बघितलं, मग मान दुखायला लागली तशा पुन्हा भेंडी विकायला लागल्या. आठवडाभर सगळ्यांच्या मनात एक गोष्ट खुपत होती. आपण कुठे उभे राहणार हे वरच्यांना आधीच कळतं, म्हणजे नव्यांपैकी कुणीतरी सांगतंय, हे मास्तर बोलून गेले होते. बोलले आणि लगेच काजूच्या बियांबद्दल बोलायला लागले. पण प्रज्योतच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. तो आरशातून सारखा मंगेशकडे बघत होता. मंगेशच्या मांडीवर एक पिशवी होती आणि ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"कितें रे लिपयलां पिशवेंत?" न राहवून प्रज्योतने विचारलं.

"काय न्हाई."

"काय न्हाय तर उगड मरे."

मंगेशचे कान लाल झाले. पूनम खिडकीला चिकटून बसली होती. आपल्याऐवजी त्याला पकडणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. गुप्तहेराला याहून चांगलं काय हवं? पण तिला ते नको होतं. मंगेशने तिला परवा दगडाला कान लावून समुद्र ऐकवायचा प्रयत्न केला होता. तिला ऐकू आलं नव्हतं. तरी ती 'हो' म्हणाली होती, आणि म्हणताना दचकली होती, कारण कुणी न शिकवलेली अशी ती तिची स्वतःची पहिली खोटी गोष्ट होती आणि ती तिने कुणाला फसवायला सांगितलेली नव्हती. आता तोंड उघडावं आणि 'तो नाही' असं म्हणावं असं तिला वाटलं. ती खिडकीची काच वर-खाली करत राहिली.

मंगेशने पिशवी उघडली. आत कोऱ्या करकरीत चामड्याच्या चपला होत्या, भल्यामोठ्या.

"तुमच्या राखणदाराच्या हायत," तो म्हणाला. "मास्तर सांगत हुते, रोज हिंडून त्याच्या झिजत्यात म्हणून. गावाकडनं करून आणल्या."

"हेवड्यो व्हडल्यो?" सिद्धीला हसू आलं.

"रातभर चालायचं म्हणजे पायबी दांडगाच असंल की."

प्रज्योतने गियर बदलला. मग आरशात न बघता म्हणाला, "माका आसली जोड कोणें कदीं हाडली ना. सगळो दीस बशींत उबो आसतां हांव." त्यावर मंगेश म्हणाला, "तुमी तर उडताय. तुमास्नी कशाला?" आणि गाडीत आठवडाभरात पहिल्यांदा सगळे हसले. पूनमही हसली.

पार्सेत काजूच्या बागांच्या कडेने एक पायवाट जाते आणि जिथे गावाची शीम, म्हणजे हद्द, संपते तिथे एक जुना वड आहे. वडाच्या बुंध्याशी चिऱ्याचा एक दगड, आणि दगडाशी आधीच्या वर्षाची वाहाणांची जोडी. ऊन तिरपं झालं होतं. काकींनी रोट केळीच्या पानावर ठेवला, मास्तरांनी विडी ठेवली, मंगेशने नवी जोडी ठेवून जुनी उचलली. ती त्याने उलटी केली आणि तसाच धरून राहिला. टाचेकडची बाजू पार झिजून पातळ झाली होती. पावसाने झाली असेल, वाळवीने झाली असेल. पूनमने ते बघितलं आणि नोंद केली, कारण तिचं कामच ते होतं.

मग मास्तरांनी हात जोडले आणि वर्गात कधी काढला नसेल अशा मोठ्या, सुरात नसलेल्या आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"हे बा राखणदारा, शिमेवयल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले. पूनम एकटी मागे राहिली.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या फुड्यात उबी आसत. रोट दिलो, विडी दिली, व्हाणो दिल्यो, मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आभाळात जां काय येवन बसलां, तां आमकां समाजना नाय. तुका समाजता. आयल्या वाटेन तेका परत घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावात आसत तेंची राखण कर. मुंबैक गेले तेंची कर. पोटाखातर घाटावयल्यान आयले तेंचीय कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंगेशचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मास्तर थांबले. वडावरून एक कावळा उडून गेला. मग ते जरा हळू म्हणाले, "आनी जां लेकरू खूप लांबसून आयलां, आपल्यात बसान जेवलां, आनी सांगाक भियेता, ताय आपलांच. तेचीय राखण कर म्हाराजा!"

बाळा, आपलं नाव न घेता कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय हे कसं कळतं, ते मला तुला सांगता येणार नाही. पण ते कळतं. पूनमच्या कानामागून एक गार रेघ खाली उतरली. मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून, हात जोडून उभे होते, मानेवर डास बसला होता तोही त्यांनी हाकलला नव्हता. इतक्या जागा तिने पाहिल्या, इतकी अंगं घातली, तिला कुणी कुणाच्या ओटीत घातलं नव्हतं. लांब हातांच्या त्या लोकांत ती ओळीच्या टोकाला बसायची. आज अचानक तिला आठवलं की तिथेही कुणीतरी तिचे केस विंचरले होते. ते तिने वर कळवलं होतं. विंचरणाऱ्याकडे मागे वळून बघितलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" ती ओरडली. इतरांच्या आधी, एकटी, घसा फाटेस्तोवर. प्रज्योत दचकून वीतभर हवेत गेला.

"आता चला," काकी म्हणाल्या आणि तिचा दंड धरला. "एक आयक. रोट दवरलो की परत फाटीं पळोवचें न्हय. आमी पळयल्यार तो येना."

सगळे चालू लागले. कुणी मागे बघितलं नाही. पण पूनम गुप्तहेर होती. न बघणं तिला शिकवलेलंच नव्हतं. वळणावर तिने मान वळवली. वडाखाली एक तांबडा, कान फाटलेला कुत्रा आला होता आणि निवांतपणे रोट खात होता.

एवढंच होतं तर. तिला रडू आलं. आता दिवस मावळणार, तिच्यातून सगळं वर जाणार, त्यात कुत्राही जाणार, आणि त्यांना कळणार की शिमेवर कुणीच नाही. मग बाकी काही राहिलं नव्हतं. ती वाटेतच थांबली. काकींच्या हातातून हात सुटला. काकींच्या अंगाला तव्याचा, खोबरेलाचा वास होता. तो आता पुरता कळला आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला तो वास लपवावासा वाटला. कुठे लपवणार? सूर्य माडांच्या मागे गेला. अंगातून वाफ निघायला लागली.

वर गेलं ते असं: रोट, विडी, मोठ्या चपला, झिजलेली टाच, न दिसणारा एक जण ज्याचं सगळे ऐकतात, आणि मग कुत्रा. वरून जे आलं ते तिने कधी अनुभवलं नव्हतं. ते चरकले होते. कारण कुत्रा हा नुसता कुत्रा असू शकतो हे त्यांना कसं समजावं? ते स्वतः कुठलंही अंग घालून हिंडणारे. आपण जर पोर होऊ शकतो, तर इथला राखणदार कुत्रा का होऊ शकणार नाही? आणि कुत्रा होत असेल, तर वडावरून उडाला तो कावळा कोण? सकाळी भोंगा वाजवत गेला तो कोण? भेंडी विकणाऱ्या बायका मान खाली घालून नेमकं काय करत होत्या? ते तिला विचारत राहिले, आणि पूनमने खरंच शोधून पाहिलं. तिला खात्रीने सांगता येईना. टाच कुत्र्याने झिजत नाही, एवढं एकच तिला माहीत होतं, आणि तेही वर गेलं.

मग हाक आली: ये. ही जागा राहू दे. परत ये.

तिला जायचं नव्हतं, पण ते बोलावून थांबत नसत. आपलं माणूस ते उचलून नेत. ती डोळे मिटून उभी राहिली. वरचे तिच्यात उतरून चाचपू लागले, जसं गाठोडं बांधण्यापूर्वी आत काय आहे ते बघतात. घट्ट वेणी त्यांना सापडली. मंगेशसाठी बोललेलं खोटं सापडलं. मग मास्तरांचं ते शेवटचं वाक्य आणि तिची ती ओरड सापडली, आणि तिथे ते अडले. ते काय आहे, कशासाठी आहे, त्यांना उलगडेना. त्यांनी ते उलटून पाहिलं, बाजूने पाहिलं. पुरतं कळेना. आणि नियम तर नियम. जे पुरतं कळलं नाही, ते घ्यायचं नाही.

करकचून बांधलेला दोर कुणीतरी अलगद सोडावा तसं काहीतरी तिच्या डोक्यातून निघून गेलं. इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. मग त्या शांततेत एक बेडूक ओरडला.

"कितें गो जालें? पायांत कांटो गेलो?" काकी परत आल्या.

तेवढ्यात प्रज्योतचा फोन वाजला. डिचोलीहून त्याचा मित्र बोलत होता, आणि मागे लोक ओरडत होते, कुणी फटाक्यांच्या माळा लावत होतं, त्याचं बोलणं धड ऐकूच येत नव्हतं. "गेले?" प्रज्योत म्हणाला. "गेले म्हळ्यार खंय गेले?" आणि मग उत्तराची वाट न बघता तो वर उडाला, माडाच्या शेंड्याच्याही वर, घाबरायचं विसरून, आणि तिथून त्याचा आवाज आला, "मामा! आबाळ रितें जालां! सगळें रितें!" सिद्धी हसत होती. मंगेशने चिऱ्याच्या गडग्याला, वाटेकडेच्या बुटक्या भिंतीला, कान लावला आणि म्हणाला, "नुसती गर्दी ऐकू येतीया. माणसंच माणसं."

रात्रीचं जेवण मास्तरांच्या पार्सेच्या घरी, ओसरीवर पंगत धरून झालं. पूनमच्या पानात बांगड्याचं हुमण पडलं. तिने एक हिरवट, टणक दाणा उचलला आणि तोंडात टाकणार, तोच मास्तर म्हणाले, "तां तिरफळ गो. तां वासाक घालतत, खायनत नाय. कडेक काढून दवर."

पूनमचा हात थांबला. तिने सगळ्यांच्या पानांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या पानाच्या कडेला तिरफळांची छोटी रास होती.

"पयल्या दिसा तू सगळीं चाबून खाल्लीं," मास्तर म्हणाले. "जीब बधीर जाली आसतली. आनी तोंडान म्हणता कशी, खूप छान झालंय."

"बेळगांवचें चेडू जाल्यार थुकून उडयतलें," काकी म्हणाल्या, आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.

प्रज्योतचा घास तोंडाशी राहिला. तो मास्तरांकडे बघत राहिला, मग पूनमकडे, मग मंगेशकडे, आणि त्याचे कान हळूहळू मंगेशसारखेच लाल झाले. ओसरीवर पंख्याचा आवाज येत होता.

"राहू का मी?" पूनमने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"गाऱ्हाणां घालून जालां," मास्तर म्हणाले. "आता तुका घालवचो अदिकार माका नाय. तेका विचार."

पूनमने तिरफळ पानाच्या कडेला ठेवलं. त्या रात्री ती झोपली, आणि तिच्यातून वर काहीही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर आला तेव्हा तिने काकींकडून एक जास्तीची पोई मागून घेतली. एकटीच काजूच्या बागेच्या कडेने गेली. वडाखाली मंगेशच्या चपला तशाच होत्या; एकीच्या टाचेला लाल माती लागली होती, किंवा लागल्यासारखी दिसत होती. तिने पोई पानावर ठेवली आणि हात जोडले. काय म्हणायचं ते तिला येत नव्हतं, म्हणून ती नुसतंच "व्हय म्हाराजा" म्हणाली. मग ती घराकडे चालू लागली. मागे पाचोळा वाजला. कुणीतरी आलं होतं. पुन्हा वाजला, या वेळी अगदी जवळ, जड पावलाखाली वाजावा तसा. तिची मान आपसूक वळायला लागली.

मग त्या पोरीने काय केलं सांगू? दोन्ही हातांनी स्वतःची वेणी घट्ट धरली, समोरच्या वाटेवर डोळे ठेवले, आणि काकींच्या चुलीचा धूर दिसेपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.